दोनशेची पावती कुणी फाडायची?

३१ मे जवळ आला की कोल्हापुरात धूम्रपानबंदीचा वाद हमखास पेटतो. त्या दिवशी जागतिक तंबाखूविरोधी दिन असतो. मग एखादी मोहीम निघते, दुसऱ्या दिवशी पेपरात ‘इतक्या जणांवर कारवाई’ अशी चौकट येते आणि संध्याकाळी कट्ट्यावर तोच विषय. एक म्हणतो, “दोनशेच्या दंडानं काय हुतंय भावा, दोन हजार करा.” दुसऱ्याचं म्हणणं, गरीब टपरीवाल्याच्या पोटावर पाय कशाला? तिसरा म्हणतो, “रंकाळ्यावर उघड्यावर ओढली तर कुणाच्या बाचं काय जातंय?” तिघंही तावातावानं बोलतात. पण सिगारेट जिथं पेटली ती जागा कुणाच्या ताब्यात आहे, हे तिघांपैकी कुणीच विचारत नाही. आणि कायद्याची सगळी गोम नेमकी तिथं आहे.

कायदा २००३ चा, सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थांबाबतचा. सरकारी बोलण्यात त्याला ‘कोटपा’ म्हणतात. त्याच्या कलम ४ नं सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी घातली. अंमलबजावणीचे सविस्तर नियम आले २००८ मध्ये आणि ते २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. त्याआधी २००१ मध्ये मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं दवाखाने, शाळा, ग्रंथालयं, कोर्ट, सरकारी कार्यालयं आणि प्रवासी वाहनांत बंदीचा आदेश दिलाच होता. म्हणजे बंदी ‘नवीन’ म्हणून छापली जाते तेव्हा ती पाव शतकाच्या आसपास जुनी असते.

मूळ कायद्यात सार्वजनिक जागेच्या व्याख्येतून ‘मोकळी जागा’ वगळली आहे. तिसरा भिडू रंकाळ्याबद्दल बोलतो ते याच आधारावर, आणि तो अगदीच चुकीचा नाही. फक्त २००८ च्या नियमांनी ही सवलत बरीच आवळली. खुली प्रेक्षागृहं, स्टेडियम, रेल्वे स्टेशन, बसथांबे आणि लोक जातात-येतात अशा तत्सम जागांना ‘मोकळी जागा’ म्हणून सूट मिळत नाही. तेव्हा शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच चालू असताना गॅलरीत पेटवलेली सिगारेट सरळसरळ बंदीत बसते, वर आकाश असलं तरी. खासबाग मैदानाचंही तेच. मध्यवर्ती बसस्थानकाचे फलाट, शाहू महाराज टर्मिनसचा प्लॅटफॉर्म, इथंही वादाला जागा नाही. रेल्वेच्या डब्यात तर १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १६७ वेगळं लागतं, त्याचा दंड शंभर रुपयांपर्यंत.

रंकाळ्याचा काठ मात्र खरोखरच वादाचा. ‘तत्सम जागा’ हे शब्द सैल धरले तर चौपाटी त्यात येते, घट्ट धरले तर येत नाही. सकाळी फिरायला येणाऱ्यांनी पोलिसांना फोन करून भांडण्यापेक्षा महापालिकेकडं लेखी मागणी करावी: पदपथ, बाग, बैठकीचे कठडे हा भाग धूम्रपानमुक्त जाहीर करा, फलक लावा, आणि त्या भागाचा जबाबदार अधिकारी नेमा. यातलं तिसरं काम झालं नाही तर पहिल्या दोहोंचा उपयोग फोटोपुरताच.

आता पावतीकडं येऊ. लोकांची समजूत अशी की दंड फक्त पोलीस करतात. नियमांना जोडलेल्या यादीत मात्र शाळा-कॉलेजचे मुख्याध्यापक आणि प्राचार्य, रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक, ग्रंथपाल, पोस्टमास्तर, स्टेशन मास्तर आणि राजपत्रित अधिकारी आहेत. खासगी कंपनीत मनुष्यबळ विभागाचा व्यवस्थापक किंवा प्रशासनप्रमुखही आहे. सीपीआर रुग्णालयाच्या आवारात कुणी बिडी ओढत असेल तर लक्ष्मीपुरी पोलीस ठाण्यातून माणूस येण्याची वाट बघायचं कारणच नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात कामाची जागा हीसुद्धा सार्वजनिक जागाच, कारण २००८ च्या नियमांनी ती नाव घेऊन जोडली आहे. फाउंड्रीच्या शेडमध्ये चालणारी बिडी हा ‘आमचा अंतर्गत मामला’ राहत नाही.

दंड जास्तीत जास्त दोनशे. जागेवर भरला तर प्रकरण तिथंच मिटतं, नाही भरला तर कोर्टात, आणि तिथं खटला संक्षिप्त पद्धतीनं चालतो. हे कागदावर. प्रत्यक्षात मुख्याध्यापकाच्या टेबलावर पावती पुस्तकच नसतं. ते कुठून आणायचं, जमा रक्कम कुठल्या लेखाशीर्षात भरायची, हिशेब कुणाला दाखवायचा, हे कुणी सांगितलेलं नसतं. सरकारी नोकरीत पैशाला हात लावायचा आणि शीर्ष माहीत नाही, असं असेल तर शहाणा माणूस हात लावतच नाही. आळशीपणापेक्षा लेखापरीक्षणाची भीती मोठी असते. जिल्ह्याच्या तंबाखू नियंत्रण कक्षाकडून क्रमांक घातलेली पुस्तकं, भरणा करायचं शीर्ष आणि महिन्याच्या अहवालाचा नमुना एकत्र मिळाला, तरच हे गाडं हलतं. मोहिमेच्या वेळी भाषणं होतात, त्याऐवजी हे तीन कागद वाटले तरी चालेल.

फलकाचंही एक शास्त्र आहे आणि निम्म्याहून अधिक फलक त्यात नापास होतील असे दिसतात. किमान ६० बाय ३० सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी. त्यावर किमान १५ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ, त्याची लाल कड किमान ३ सेंटिमीटर रुंद. मध्ये काळा धूर सोडणारी सिगारेट किंवा बिडी आणि तिच्यावरून कडेइतकाच रुंद लाल पट्टा. खाली मजकूर: धूम्रपान निषिद्ध क्षेत्र, येथे धूम्रपान करणे गुन्हा आहे. प्रत्येक प्रवेशद्वारावर एक, इमारत मजल्यांची असेल तर प्रत्येक मजल्यावर, जिन्यावर आणि लिफ्टच्या दाराशी. बहुतेक ठिकाणी काय असतं? संगणकावरून काढलेला कागद, लॅमिनेशन करून चिकटपट्टीनं चिकटवलेला. तो ए-फोर असतो, म्हणजे जेमतेम ३० बाय २१. आकारातच पडला.

आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ तर नसतेच: तक्रार कुणाकडं करायची त्या व्यक्तीचं नाव. नियमानुसार ते ठळक लावायला लागतं. साहेबांची बदली झाली की फलक जुना होतो म्हणून ही ओळ गाळली जाते. त्यावर उपाय सोपा आहे. मुख्य फलक सनबोर्डवर कायमचा करावा, पदनाम त्यावरच छापावं आणि नावाची पट्टी स्टिकरची ठेवावी. राजारामपुरीतला कुठलाही फ्लेक्सवाला ती हातासरशी कापून देतो.

हे नाव का लागतं? तक्रार झाली आणि त्या माणसानं काहीच केलं नाही, तर मालक किंवा व्यवस्थापकावर दंड बसतो, आणि तो जेवढे गुन्हे तेवढ्या पट. हॉटेलात पाच जण ओढतायत, गिऱ्हाइकानं मॅनेजरला सांगितलं, मॅनेजरनं “जाऊ दे ओ” म्हणून सोडून दिलं, तर पाच गुणिले दोनशे म्हणजे हजारापर्यंतचा भार मॅनेजरवर. म्हणून तक्रार करताना ओढणाऱ्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. वेळ, जागा, ओढणाऱ्यांची संख्या आणि फलकावरचं नाव लिहून घ्या. त्या नावाला तोंडी सांगा, लगेच मोबाइलवरून लेखीही पाठवा. ओढणाऱ्याचा व्हिडिओ काढून टाकण्यापेक्षा रिकाम्या भिंतीचा, म्हणजे फलक नसल्याचा, फोटो जास्त कामाचा. ॲश-ट्रे, काडेपेटी, लायटर ठेवलेलं दिसलं तर त्याचाही, कारण सार्वजनिक जागेत धूम्रपानाला सोयीची वस्तू पुरवायची नाही, असं नियमच सांगतो. परमिट रूममध्ये टेबलावर पाण्याचा ग्लास ‘राखेसाठी’ सरकवला जातो, तो याच कारणानं.

हॉटेलांबद्दल आणखी एक गैरसमज. तीस खोल्यांचं हॉटेल, तीस किंवा जास्त आसनांचं रेस्टॉरंट आणि विमानतळ इथं धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवायची मुभा आहे. याचा अर्थ ‘तीसपेक्षा लहान हॉटेलाला कायदा लागू नाही’ असा लावला जातो. अर्थ बरोबर उलटा आहे: लहान हॉटेलाला ती मुभासुद्धा नाही. मोठ्या हॉटेलातसुद्धा कोपऱ्यातली चार टेबलं म्हणजे धूम्रपान कक्ष नव्हे. चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप मिटणारं दार, धूर थेट बाहेर टाकणारा एक्झॉस्ट आणि आतला हवेचा दाब बाकीच्या इमारतीपेक्षा कमी, एवढं सगळं लागतं. हा कक्ष येण्याजाण्याच्या दाराशी नको. २०१७ च्या दुरुस्तीनंतर तिथं कोणतीही सेवा द्यायची नाही, म्हणजे चहा नाही, चखणा नाही, दारूही नाही. अठराखालच्यांना प्रवेश नाही.

दाब कमी आहे की नाही हे उपकरणाशिवाय कळतं. दार चार बोटं उघडून फटीच्या बाहेरच्या बाजूला पेटती उदबत्ती धरायची. धूर आत ओढला गेला तर ठीक. जागेवर घुटमळला किंवा तोंडावर आला तर कक्ष नापास. सगळ्यात जास्त वेळा बिघडतं ते असं: एक्झॉस्ट बसवला, पण त्याच खोलीत सेंट्रल एसीची परत जाणारी हवेची जाळी तशीच ठेवली. मग धूर एसीच्या वाटेनं फॅमिली रूममध्ये उगवतो आणि मॅनेजर म्हणतो, “एक्झॉस्ट तर चालू आहे की!” दुसरा घोळ दाराचा. दार आपसूक मिटवणाऱ्या यंत्रावर नसतं. वेटरला ये-जा सोपी जावी म्हणून दाराला विटकूर लावलेली असते, आणि विटकूर लावली की दोन्ही खोल्यांची हवा एकच. आमचं मत विचाराल तर हा कक्ष बांधण्यापेक्षा सरळ बंदी स्वस्त पडते. पंखा, डक्ट, दाराचा क्लोजर यांच्या देखभालीला पैसे जातात आणि त्या खोलीतून बिल शून्य.

टपरीचा वाद मात्र एवढा सोपा नाही, आणि कोल्हापुरात खरी भांडणं होतात ती तिथंच. कलम ६ मध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अठराखालच्या मुलाला विक्री नाही, आणि शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत कुणालाच विक्री नाही. शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. पेपरात ‘शंभर मीटर’ छापून येतं, मोजणाराही शंभर मीटरची टेप लावतो, आणि मधल्या साडेआठ मीटरांत बसणारा टपरीवाला उगाच भरडला जातो. मोजायचं ते संस्थेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून, त्रिज्येनं, म्हणजे सरळ रेषेत. रस्त्यानं वळसा घालून नव्हे. मोबाइलच्या नकाशावर मोजताना लोक शाळेच्या खुणेपासून सुरुवात करतात. ती खूण इमारतीच्या मध्यावर असते, कुंपणावर नाही. मोठं पटांगण असलेल्या शाळेत एवढ्यानं निकाल फिरतो. सगळ्यात बरं म्हणजे कुंपणाच्या प्रत्येक कोपऱ्यापासून अंतर काढून शाळेनं रस्त्यावर पिवळी रेषा मारून घ्यावी. रेषा दिसली की दोन्ही बाजूंचा निम्मा वाद तिथंच संपतो.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, गंगावेशीच्या बाजूला शाळा इतक्या जवळजवळ आहेत की ही वर्तुळं एकमेकांत शिरतात. टपरीवाल्याला एका शाळेपासून हलवलं तर तो दुसरीच्या वर्तुळात जाऊन बसतो. जुन्या पेठांत नियम काटेकोर लावायचा तर तंबाखू विकायला जागाच उरत नाही. टपरीवाला हे बोलून दाखवतो तेव्हा ते रडगाणं म्हणून उडवून लावू नये. पर्यायी जागा द्यायला पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा आणि त्यातली नगर पथविक्रेता समिती आहे. शाळेजवळच्या टपरीला तंबाखू सोडून चहा, पाण्याच्या बाटल्या, वह्या-पेन विकायची मोकळीक आहेच. कोटपा माल बंद करतो, टपरी नाही. टपरी उचलली जाते ती अतिक्रमणाच्या कायद्यानं, आणि बातमीत मात्र दोन्ही कारवाया एकाच आकड्यात मोजल्या जातात.

राजारामपुरीच्या गल्ल्यांतले खासगी क्लास हा आणखी एक घोळ. नियमातली शैक्षणिक संस्था म्हणजे ठरावीक निकषांनुसार शिकवणारी, सक्षम प्राधिकरणानं स्थापन केलेली किंवा मान्यता दिलेली शाळा, कॉलेज वगैरे. गाळ्यात चालणारा क्लास यात बसेलच असं नाही. तिथल्या टपरीवर ‘शंभर यार्ड’ चालवायला गेलं की कारवाई लटकते. अठराखालच्या मुलाला विक्री हे कलम तिथंही पूर्ण लागू पडतं, आणि तेच वापरायला हवं.

याबाबत एक गोष्ट टपरीवाल्यांना कुणीच सांगत नाही. कोटपाखाली अल्पवयीनाला विक्रीचा दंड दोनशेच. पण बाल न्याय कायदा, २०१५, कलम ७७ प्रमाणे मुलाला तंबाखू देणं, विकणं यासाठी सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. “पप्पांनी मागवलीय” म्हणणाऱ्या दहावीच्या पोराला सिगारेट देताना दुकानदाराच्या डोक्यात दोनशे असतात, कागदावर सात वर्षं.

टपरीकडं जरा जवळून बघा. सुतळीला टांगलेला लायटर. बरणीत उभ्या केलेल्या सुट्या सिगारेटी. पाकिटाच्या दोन्ही बाजूंना ८५ टक्के भागावर इशारा छापलेला असतो तो सुट्या सिगारेटीबरोबर गिऱ्हाइकापर्यंत जातच नाही. म्हणून महाराष्ट्रानं सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी आणि बिड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. टपरीच्या माथ्यावर मात्र कंपनीचा चमकता डबा असतो, रात्री दिवा लागणारा. विक्रीच्या ठिकाणच्या पाटीला कमाल ६० बाय ४५ सेंटिमीटरची मर्यादा आहे. तिच्यावर फक्त मालाचा प्रकार लिहायचा; ब्रँडचं नाव नको, पाकिटाचं चित्र नको, उजेडही नको. जाहिरातीच्या या गुन्ह्याला पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरीही मोहिमेत जप्त होतात त्या बरण्या, आणि डबा जागच्या जागी राहतो. डबा पुरवणारा टपरीवाला नसतो हे सगळ्यांना ठाऊक असतं.

आकड्यांच्या गोंधळाला बातम्यांचा मोठा हातभार आहे. ‘आता दोन हजार दंड’ हे वाक्य अजून फिरतं. ते आलं केंद्र सरकारच्या २०२० च्या दुरुस्तीच्या मसुद्यातून: दंड दोनशेवरून दोन हजार, विक्रीचं वय अठरावरून एकवीस, हॉटेलांतले धूम्रपान कक्ष बंद. तो मसुदा कायदा झाला नाही. ‘हजार रुपये’ हा दुसरा आकडा. तो खरा आहे, पण कोगनोळी नाक्याच्या पलीकडं. कर्नाटकानं २०२५ मध्ये आपल्या राज्यापुरती दुरुस्ती लागू करून दंड हजारावर आणि वय एकवीसवर नेलं. निपाणीत छापलेली बातमी कोल्हापूरच्या ग्रुपवर आली की ती इथलीच होते. हुक्का पार्लरची शिक्षा तिसरीच. कमला मिलच्या डिसेंबर २०१७ च्या आगीनंतर महाराष्ट्रानं २०१८ मध्ये हुक्काबारवर बंदी घातली, आणि त्यात एक ते तीन वर्षांची कैद आहे. ‘धूम्रपान केल्यास तीन वर्षे तुरुंग’ असा मथळा कधी दिसला तर तो या दोन कायद्यांच्या भेळीतून आलेला असतो.

निपाणीचं नाव निघालं की बिडी वळणाऱ्या बायकांच्या आणि तंबाखूच्या शेतकऱ्यांच्या रोजीरोटीचा मुद्दा येतो. १९८१ चं निपाणीचं तंबाखू आंदोलन, शरद जोशींचं नेतृत्व, हे या भागात लोक विसरलेले नाहीत. मुद्दा खरा आहे, पण तो या वादातला नाही. बसस्थानकात ओढू नका म्हटल्यानं बिडीची विक्री बंद होत नाही.

खरं तर धुराचा प्रश्न आपल्याकडं आकारानं लहानच आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के निघाले. मावा, गायछाप, मिश्री. गुटखा २०१२ पासून बंद आहे, अन्नसुरक्षा कायद्याखाली, आणि ते खातं अन्न व औषध प्रशासनाचं. मावा टपरीवरच प्लॅस्टिकवर घासून मिळतो. धुरावर बंदी आहे कारण तो शेजाऱ्याच्या फुप्फुसात जातो, माव्याची पिंक शेजाऱ्याच्या भिंतीवर जाते. दोन्हींना वेगळे कायदे, वेगळी खाती, आणि सोडायची इच्छा असलेल्यांना फोन एकच: १८००-११२-३५६, राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवा, मोफत.

बातमी लिहिणाऱ्यांसाठी शेवटचं. ‘चाळीस जणांवर कारवाई’ असं प्रसिद्धिपत्रक आलं तर चार गोष्टी विचाराव्यात. कोणत्या कलमाखाली किती? ओढणारे किती, विकणारे किती, जागेचे मालक-व्यवस्थापक किती? जागेवर दंड किती जणांनी भरला आणि कोर्टात किती गेले? जाहिरातीच्या कलमाखाली एक तरी गुन्हा आहे का? तिसऱ्या प्रकारातला आकडा, मालक-व्यवस्थापकांचा, बहुतेक वेळा कोराच मिळेल.

आणि टपरीवर सिगारेट घेणाऱ्या शाळकरी पोराचा फोटो छापू नये, चेहरा धूसर केला तरी गणवेश आणि शाळेचा बिल्ला तसाच ठेवून तर नाहीच. कलम ७७ च्या गुन्ह्यात ते पोर पीडित असतं, आणि त्याच कायद्याच्या कलम ७४ नं त्याची ओळख उघड करायला मनाई केली आहे. शाळेचं नावही त्यात आलं.